कौलाआधीचा कौल

आक्षेपक : जनमत चाचण्यांचा मतदानावर परिणाम होतो का, या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्याने स्वतःपुरते देऊन टाकले आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये कलम १२६-अ घालण्यात आले आणि ते फेब्रुवारी २०१० पासून लागू झाले. पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाही. केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हा नियम किती दूरवर पोचतो, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये दिसले. मिझोरामने ७ तारखेला मतदान केले, छत्तीसगडने ७ आणि १७ ला, मध्य प्रदेशाने १७ ला, राजस्थानने २५ ला. तेलंगणाची पाळी सर्वांत शेवटी, ३० नोव्हेंबरला. भोपाळच्या मतदाराने काय केले याचा अंदाज हैदराबादच्या नामपल्लीतला मतदार मत देऊन घरी येईपर्यंत देशात कुणालाही छापता किंवा दाखवता आला नाही. परक्या राज्याच्या अंदाजानेसुद्धा मतदार हलू शकतो, असे गृहीत धरल्याशिवाय एवढा बंदोबस्त कुणी करत नाही. मग त्याच मतदाराला त्याच्याच राज्याचे आकडे मतदानाच्या आठवडाभर आधी दाखवायला मोकळीक कशी? कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीचे ४८ तास दूरचित्रवाणीवर निवडणूकविषयक मजकूर दाखवता येत नाही, आणि वृत्तपत्रे तर त्या कलमात येतच नाहीत. एका दाराला कुलूप आणि दुसरे सताड उघडे, असा हा कायदा आहे.

समर्थक : कायदा भीतीवरूनही होतो, तेवढ्याने भीती खरी ठरत नाही. या कलमामागचा इतिहास पाहावा. निवडणूक आयोगाने १९९८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून जनमत चाचण्या आणि एक्झिट पोल या दोन्हींच्या प्रसिद्धीवर काही काळापुरती बंदी घातली. १९९९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे आले. कायद्याचा आधार नसताना आयोग अशा सूचना अमलात कशा आणणार, या प्रश्नापुढे आयोगाला त्या मागे घ्याव्या लागल्या. पुढे संसदेने कायदा केला तेव्हा बंदी फक्त एक्झिट पोलपुरती ठेवली. हा विसरभोळेपणा नव्हता. एक्झिट पोल झालेल्या मतदानाबद्दल बोलतो. मत गुप्त असते, मोजणी व्हायची असते, आणि त्याआधीच कुणीतरी पेटीतले सांगू लागतो. मतदानपूर्व चाचणी लोकांचा इरादा सांगते, आणि इरादा ही प्रचाराच्या काळात उघडपणे बोलण्याचीच गोष्ट आहे. सभेची गर्दी छापता येते, पुढाऱ्याचा ‘आम्ही शंभर जागा जिंकू’ हा दावा छापता येतो. मग हजारो मतदारांना पद्धतशीर विचारून काढलेला आकडा तेवढा का छापू नये? २०१३ मध्ये आयोगाने पक्षांची मते मागवली तेव्हा काँग्रेसने बंदीला पाठिंबा दिला आणि भाजपने विरोध केला. त्या वर्षी चाचण्यांचे वारे कुणाच्या बाजूने होते, हे आठवले की या भूमिकांचा अर्थ लागतो. चाचणी ज्याला अनुकूल, त्याला ती लोकशाहीला पोषक वाटते.

आक्षेपक : पक्षांच्या भूमिका सोयीच्या असतात, हे मान्य. पण त्यांच्या भीतीला सामाजिक अनुभवाचा आधार आहे. ‘मत वाया घालवू नका’ हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत गल्लोगल्ली ऐकू येते. येणाऱ्याला मत द्यावे, सत्तेतला आमदार असला की नळ आणि रस्ता लवकर होतो, असा हिशेब करणारा मतदार काही अडाणी नसतो. तो आपले हित पाहतो. अशा मतदाराच्या हाती ‘अमुक पक्ष पुढे’ हा आकडा दिला की त्याचे मत ठरण्याच्या आधीच झुकते. काठावरचे दोन-तीन टक्के असे झुकले, तर आपल्या निवडणूक पद्धतीत निकालच बदलतो. २०२३ च्या तेलंगणात काँग्रेसला ३९.४ टक्के मते पडली आणि भारत राष्ट्र समितीला ३७.३५. फरक दोन टक्क्यांचा. जागा मात्र ११९ पैकी ६४ आणि ३९.

समर्थक : झुकणारे दोन्ही दिशांना असतात. जिंकणाऱ्याच्या मागे जाणारा मतदार जसा आहे, तसा हरणाऱ्याची कीव येऊन किंवा जिंकणाऱ्याचा माज उतरवायला त्याच्याविरुद्ध जाणाराही आहे. अमेरिकी अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९५४ मध्येच गणिताने दाखवले की चाचणीच्या प्रसिद्धीमुळे लोक मत बदलत असले, तरी तो बदल हिशेबात धरून बरोबर ठरणारे भाकीत करणे तत्त्वतः शक्य असते. म्हणजे परिणाम होणे आणि निकाल नासणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय लाटेबरोबर जाण्याची प्रवृत्ती जितकी सांगितली जाते तितकी प्रबळ असती, तर पुढे दाखवलेला पक्ष सतत आणखी पुढे गेला असता. २००४ मध्ये वाजपेयी सरकार परत येणार असे जवळपास सगळेच आकडे सांगत होते. भाजप १३८ वर थांबला आणि काँग्रेस १४५ वर गेली. २०२४ मध्ये ‘चारसौ पार’चा घोष महिनोन्‌महिने चालला आणि चाचण्यांनीही सत्ताधारी आघाडीला मोठे बहुमत दाखवले. प्रत्यक्षात तिला २९३ जागा मिळाल्या, एकट्या भाजपला २४०. महाराष्ट्रात तर महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा घेतल्या. लाट दाखवली गेली. मतदार तिच्यावर बसला नाही.

या ठिकाणी दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. मतदार कुणाला मत देतो, हा एक. तो मतदानाला जातो का, हा दुसरा. पहिल्यावर वाद जास्त होतो, कारण तो पक्षांच्या जिव्हाळ्याचा आहे. पण मत बदलण्यापेक्षा घरी बसणे कितीतरी सोपे असते. त्यासाठी कुणाचे मन वळवावे लागत नाही, ‘आता जाऊन काय होणार’ एवढे वाटले तरी पुरते. म्हणून या विषयाचा खरा कस मतदानाच्या टक्क्यावर लागतो, आणि संवाद पुढे तिकडेच वळतो.

आक्षेपक : टक्क्यावर होणारा परिणाम सर्वांत स्वच्छपणे फ्रान्समध्ये मोजला गेला. फ्रान्सच्या काही सागरापलीकडच्या प्रदेशांत, वेळेच्या फरकामुळे, मुख्य भूमीवरचे मतदान संपून एक्झिट पोल जाहीर झाल्यानंतरही मतदान चालू असे. राष्ट्राध्यक्ष कोण, हे रेडिओवर ऐकून मग लोक मतदान केंद्रावर जात. पुढे कायदा बदलला आणि त्या प्रदेशांत आदल्या दिवशी, शनिवारी, मतदान होऊ लागले. बदलाआधीचे आणि नंतरचे आकडे ताडून मॉर्टन, म्युलर, पेज आणि टॉर्ग्लर या अभ्यासकांनी २०१५ मध्ये निष्कर्ष काढला : निकालाचा अंदाज आधी कळल्यामुळे मतदान सुमारे ११ टक्के-बिंदूंनी घटत होते, आणि जे जात त्यांच्यातही जिंकणाऱ्याकडे कल वाढत होता. अमेरिकेत १९८० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पश्चिम किनाऱ्यावर मतदान चालू असतानाच एका वाहिनीने रेगन जिंकल्याचे सांगून टाकले, आणि मतदान संपण्याआधीच कार्टर यांनी पराभव मान्य केला. त्या संध्याकाळी रांगेत उभ्या असलेल्या माणसाने काय करावे?

समर्थक : ही दोन्ही उदाहरणे एक्झिट पोलची आणि जाहीर निकालाची आहेत. कलम १२६-अ का असावे, याचा तो उत्तम युक्तिवाद आहे, आणि त्या कलमाला इथे कुणाचा विरोध नाही. मतदानपूर्व चाचणीचा पुरावा मात्र वेगळे सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये सार्वमते वारंवार होतात आणि त्याआधी चाचण्या प्रसिद्ध होतात. तिथल्या अभ्यासात आढळले की चाचणीने अटीतटीची लढत दाखवली की मतदान वाढते, आणि जिथल्या वृत्तपत्रांनी त्या चाचणीला जास्त जागा दिली तिथे अधिक वाढते. म्हणजे चाचणी मतदाराला घरी बसवते तशी घराबाहेरही काढते. ती काय सांगते यावर ते अवलंबून. उलट अमेरिकेत २०१० च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकांत संशोधकांनी काही मतदारांना चुरस दाखवणारी चाचणी सांगितली, तर काहींना एकतर्फी लढतीची. लोकांचा समज बदलला. मतदानाला जाणाऱ्यांचे प्रमाण मात्र जवळपास हलले नाही. एका देशात परिणाम दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही. एवढ्या अस्थिर पुराव्यावर माहितीच्या प्रसारावर बंदी घालणे योग्य नाही.

आक्षेपक : अटीतटीची लढत कुठली, हा प्रश्न तुम्ही टाळलात. स्विस सार्वमतात सगळा देश एकाच प्रश्नावर हो किंवा नाही म्हणतो. देशाची चाचणी म्हणजेच त्या लढतीची चाचणी. भारतात मतदार राज्याचा आकडा वाचतो आणि मत देतो आपल्या मतदारसंघात. या दोन पातळ्यांमधली फट किती मोठी असते, हे नामपल्लीने दाखवले. २००८ च्या पुनर्रचनेनंतरच्या रूपातल्या या मतदारसंघातून २००९ पासून दर वेळी मजलिसचाच (एमआयएम) उमेदवार निवडून आला. हैदराबाद शहरात मजलिसच्या सात जागा २००९, २०१४, २०१८ आणि २०२३ अशा चारही वेळा कायम राहिल्या. राज्याच्या चाचण्यांत ‘एमआयएम सातच्या आसपास’ अशी ओळ ठरलेली असे, आणि ती वाचून कुणी दुसऱ्यांदा विचार करत नसे. त्या ओळीमागे नामपल्लीत काय चालले होते? २०१८ मध्ये मजलिस आणि काँग्रेसच्या मोहम्मद फिरोज खान यांच्यात साधारण साडेनऊ हजार मतांचे अंतर होते. २०२३ मध्ये मजलिसचे मोहम्मद माजिद हुसेन, जे आधी शहराचे महापौर होते, अवघ्या दोन हजारांच्या आसपास मतांनी तरले. तीन लाखांहून अधिक मतदारांच्या या मतदारसंघात निम्म्याहून अधिक लोक मतदानाला आलेच नाहीत. राज्यातली सर्वांत चुरशीची एक लढत आपल्या दारात चालू आहे, हे त्या घरी बसलेल्यांना कुठल्याही चाचणीने सांगितले नाही. उलट ‘इथले ठरलेलेच आहे’ असाच त्यांचा समज पक्का केला.

समर्थक : घरी बसलेल्यांचा हा आकडा चाचण्यांच्या नावावर मांडण्याआधी त्याची नीट झडती घ्यायला हवी. हैदराबादचे मतदान कायमच कमी असते. विधानसभा, लोकसभा, महापालिका, सगळीकडे तीच तऱ्हा. २०२० च्या महापालिका निवडणुकीत ते ४६ टक्क्यांच्या आसपास होते. नामपल्ली ज्या सिकंदराबाद लोकसभा मतदारसंघात येते, तिथे २०१९ आणि २०२४ दोन्ही वेळा निम्मेही मतदान झाले नाही. यामागची कारणे चाचण्यांपेक्षा कितीतरी ठोस आहेत. शहराच्या यादीत दुबार नावे, स्थलांतरितांची आणि मृतांची नावे मोठ्या संख्येने राहतात. त्यामुळे छेदातला आकडाच फुगलेला असतो आणि टक्का खऱ्यापेक्षा कमी दिसतो. शहरात राहणाऱ्या कित्येकांचे मत गावी असते. १३ मे २०२४ ला तेलंगणात लोकसभेचे आणि आंध्र प्रदेशात लोकसभेबरोबर विधानसभेचेही मतदान एकाच दिवशी होते. हैदराबादहून आंध्रकडे जाणाऱ्या गाड्या आणि बसगाड्या त्या आठवड्यात तुडुंब भरल्या होत्या, कारण माणसे मत द्यायला गावी निघाली होती. त्यांना उदासीन म्हणायचे का? मुंबईत कुलाब्याचा टक्काही असाच खाली राहतो. २०२४ च्या विधानसभेला राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले तेव्हा कुलाबा ४५ च्या खाली होता आणि गडचिरोली जिल्हा त्याच्या कितीतरी पुढे. चाचण्या तर दोन्हीकडे त्याच वाहिन्यांवर दिसत होत्या.

आणि नामपल्लीबद्दल तुम्ही जे सांगितले ते तुमच्याच बाजूला बाधक आहे. ‘ठरलेलेच आहे’ हा समज तिथे आधीच्या तीन निवडणुकांच्या निकालांनी घडवला. राज्याच्या चाचण्या तर या एका मतदारसंघाबद्दल बोलतच नव्हत्या. एखाद्या विश्वासार्ह संस्थेने तिथे स्थानिक चाचणी करून अंतर घटल्याचे छापले असते, तर स्विस अनुभवाप्रमाणे रांगा वाढल्या असत्या. म्हणजे तिथे माहिती कमी पडली.

आक्षेपक : स्थानिक चाचणी करता आली असती, हेच मुळात खरे नाही. राज्यभर दहा हजार जणांना विचारणारी चाचणी मोठी समजली जाते. ११९ मतदारसंघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ८४ माणसे येतात. फक्त नामपल्लीत चारशे जणांना विचारले, तरी एका उमेदवाराच्या मतांच्या अंदाजात जवळपास पाच टक्के इकडे-तिकडे होणार, आणि दोन उमेदवारांमधल्या अंतराच्या अंदाजात त्याच्या दुपटीजवळ. २०२३ चे प्रत्यक्ष अंतर झालेल्या मतांच्या दीड टक्क्याच्याही आत होते. एवढे बारीक अंतर खात्रीने ओळखायचे तर पंधरा हजारांहून मोठा नमुना लागतो. एका विधानसभा मतदारसंघासाठी तो कोण घेणार आणि कुणाच्या पैशाने? जे मोजता येत नाही त्याच्या नावावर आकडे मात्र विकले जातात. २०१८ ची तेलंगणा विधानसभा निवडणूक आठवावी. विजयवाड्याचे माजी खासदार लगडपाटी राजगोपाल यांच्या सर्वेक्षणांना तेलुगू राज्यांत मोठा दबदबा होता. ७ डिसेंबरच्या मतदानाआधी काही दिवस त्यांनी अपक्ष कुठून निवडून येतील हे सांगायला सुरुवात केली. इतकेच नाही, तर मतदानाचा टक्का २०१४ पेक्षा वाढला तर काँग्रेस-तेलुगू देसम आघाडीचा फायदा, असे मतदानाच्या तोंडावर जाहीर केले. मतदान संपल्यावर त्यांनी आघाडीला ६५ च्या आसपास आणि टीआरएसला (पुढची भारत राष्ट्र समिती) ३५ च्या आसपास जागा दिल्या. ११ डिसेंबरला टीआरएसने ८८ जिंकल्या. आघाडीतल्या काँग्रेसला १९ मिळाल्या, तेलुगू देसमला २. टक्का तर वाढला होता, ७३ च्या वर गेला होता. मतदानाआधी केलेले ते विधान भाकीत होते की मतदारांना ‘बाहेर पडा’ अशी हाक होती, हे कोण सांगणार?

समर्थक : ते उदाहरण चाचणीच्या शास्त्राविरुद्ध जात नाही, कारण त्यात शास्त्र तपासण्याची सोयच नव्हती. नमुना किती, कसा निवडला, प्रश्न काय विचारला, खर्च कुणी केला, यातले काहीच लोकांसमोर नव्हते. २०१९ मध्ये आंध्रचा अंदाजही सपशेल चुकल्यावर राजगोपाल यांनी सर्वेक्षणे थांबवत असल्याचे जाहीर केले. एका माणसाच्या अधिकारवाणीवर उभा राहिलेला अंदाज तिथेच संपला. पण तुमच्या आक्षेपाच्या दृष्टीने त्यातला दुसरा धडा मोठा आहे. एवढ्या गाजलेल्या माणसाने वारे आघाडीचे आहे असे सांगूनही टीआरएसला जवळपास ४७ टक्के मते पडली. प्रभावाचा दावा करायचा, तर अशा वेळी प्रभाव कुठे जातो याचेही उत्तर द्यावे लागेल.

आक्षेपक : भाकीत चुकले म्हणून परिणाम झाला नाही, असा निष्कर्ष निघत नाही. उलट भाकीत चुकण्याचे एक कारण त्याचा परिणाम हेच असू शकते. फ्रान्समध्ये २१ एप्रिल २००२ ला राष्ट्राध्यक्षपदाची पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत शिराक आणि समाजवादी जोस्पँ भिडणार, असेच सगळ्या चाचण्यांतून दिसत होते. ती लढत ठरल्यासारखीच आहे, या समजात डाव्या मतदारांनी पहिल्या फेरीत आपापल्या आवडीच्या छोट्या उमेदवारांना मते दिली, आणि २८ टक्क्यांहून अधिक मतदार आलेच नाहीत. जोस्पँच्या जागी दुसऱ्या फेरीत पोचले ते अतिउजवे ल पेन. चाचणी चूक होती हे खरे. तिच्यावर विसंबूनच लोक तसे वागले, हेही तितकेच खरे. २००४ ला आणि २०२४ ला ‘आपले येणारच आहे’ म्हणून सत्ताधाऱ्यांचे किती समर्थक उन्हातान्हात बाहेर पडले नाहीत, हे मोजलेले नाही. मोजले नाही म्हणून ते घडले नाही, असे म्हणता येत नाही.

शिवाय मतदार एकटा बसून आकडे वाचतो आणि ठरवतो, हे चित्रच शहरी आहे. मतदान घडवून आणतो तो बूथवरचा कार्यकर्ता. यादीवर खुणा करणे, दुपारनंतर राहिलेल्यांच्या दारी जाणे, म्हाताऱ्यांना रिक्षाने आणणे, हे त्याचे काम. ‘आपण हरतोय’ हे त्याच्या कानावर गेले की दुपारी चारनंतरची फेरी होत नाही. ‘आपण जिंकलोच’ हे गेले तरीही होत नाही. उमेदवाराला पैसा पुरवणारे हात आखडता घेतात. काठावरचे स्थानिक पुढारी मतदानाच्या तोंडावर पक्ष बदलतात. सट्टाबाजारातले भाव बदलतात आणि ते भावच मग गल्लीत चाचणी म्हणून फिरतात. मतदाराने एकही आकडा वाचला नसला, तरी आकड्याचा परिणाम या साखळीतून त्याच्या उंबऱ्यापर्यंत येतो. अमेरिकेतल्या प्रयोगात मतदाराला घरी आकडा सांगितला गेला. ही साखळी त्यात नव्हती.

समर्थक : ही साखळी खरी आहे, आणि आतापर्यंतच्या आक्षेपांत सर्वांत वजनदार हाच आहे. पण तिची प्रत्येक कडी जाहीर चाचण्यांवर चालत नाही. ती खासगी सर्वेक्षणांवर चालते. नामपल्लीत काँग्रेसचे गांधी भवन आहे, भाजपचे प्रदेश कार्यालय आहे, आणि आगापुऱ्यात मजलिसचे दारुस्सलाम आहे. तीन पक्षांची मुख्यालये एवढ्या टापूत आहेत, आणि असे आकडे तिथेच वाचले जातात. २०२३ मध्ये काँग्रेसने निवडणूक-रणनीतीकार सुनील कनुगोलू यांच्या चमूकडून सर्वेक्षणे करून घेतली आणि उमेदवारी देताना ती विचारात घेतली, हे सर्वांना माहीत आहे. कुठला मतदारसंघ सुटला, कुठला सावरता येईल, पैसा कुठे ओतायचा, हे पक्ष आकडे पाहूनच ठरवतात. जाहीर चाचण्यांवर बंदी आली तरी हे आकडे बंद होणार नाहीत. अंधारात राहील तो एकटा मतदार, ज्याच्याबद्दल ते आकडे आहेत. आणि मतदाराला त्यांची गरज असते. २०२३ च्या सुरुवातीला तेलंगणात सत्ताधाऱ्यांना खरे आव्हान भाजपचे आहे, असे अनेकांना वाटत होते. वर्षअखेरीस ते काँग्रेसचे ठरले. सरकार बदलायचे असलेल्या मतदाराने आपले मत कुठे टाकायचे, हे ठरवायला त्याला कोण खरोखर लढतीत आहे हे कळायला हवे. बहुरंगी लढतीत मते फुटू नयेत म्हणून नागरिकांनी केलेला हा विचार आहे. त्याला मेंढरांची चाल म्हणणे अन्यायाचे होईल.

आक्षेपक : ते वारे चाचण्यांनी फिरवले नाही. १३ मे २०२३ ला शेजारच्या कर्नाटकात काँग्रेसने २२४ पैकी १३५ जागा जिंकल्या आणि तेलंगणात तिच्याकडे पाहण्याची नजर बदलली. चाचण्या त्यामागून आल्या. खऱ्या मतमोजणीने दिलेली माहिती आणि कुणीतरी काढलेला अंदाज यांत हाच फरक. खासगी सर्वेक्षणांबद्दल तुम्ही म्हणता ते खरे, पण ती खासगी राहतात कुठे? त्यांतला सोयीचा भाग निवडून पत्रकारांच्या हाती दिला जातो आणि तो चाचणी म्हणून छापला जातो. फेब्रुवारी २०१४ मध्ये एका वृत्तवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने दाखवले की काही सर्वेक्षण संस्थांचे लोक पैसे घेऊन आकडे सोयीने फिरवायला तयार होते. त्रुटीची मर्यादा ताणली की जागा हव्या तशा वाढवता येतात, हे ते मोकळेपणाने सांगत होते. अशा बाजारात ‘मतदाराला माहिती हवी’ हे तत्त्व मतदाराच्या कामी येत नाही. ते आकडा विकणाऱ्याच्या कामी येते.

समर्थक : त्यावरचा उपाय २०१५ मध्येच सुचवला गेला आहे. कायदा आयोगाच्या २५५ व्या अहवालाने चाचण्यांवर सरसकट बंदी मागितली नाही. चाचणी कुणी केली, कुणासाठी केली, नमुना किती, पद्धत कोणती, हे प्रसिद्ध करणे सक्तीचे करावे, आणि मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांचे बंधन वृत्तपत्रांनाही लागू करावे, असे म्हटले. फ्रान्सचा अनुभवही हेच सांगतो. तिथे १९७७ च्या कायद्याने मतदानाआधीचा पूर्ण आठवडा चाचण्या छापायला मनाई होती. परदेशी वृत्तपत्रे आणि इंटरनेट यांनी ती हास्यास्पद करून टाकली, आणि २००२ मध्ये बंदी मतदानाचा दिवस आणि आदला दिवस एवढ्यावर आणावी लागली. व्हॉट्सअ‍ॅपच्या काळात आठवडाभराची बंदी म्हणजे जबाबदार आकड्याला मनाई आणि बेनामी आकड्याला मोकळे रान.

आक्षेपक : प्रकटीकरणाची सक्ती हवीच, पण ती पुरेशी नाही. बिघाड पद्धतीच्या तळटिपेत नसतो, मथळ्यात असतो. दोन टक्के मतांच्या फरकातून २५ जागांचे अंतर कसे निघाले, हे वर आलेच आहे. चाचणी मते मोजते आणि छापते जागा. मतांपासून जागांपर्यंतचा रस्ता अटकळीचा असतो, आणि वाचणाऱ्याच्या हाती अटकळच येते. अमेरिकेत वेस्टवुड, मेसिंग आणि लेल्केस यांनी २०२० मध्ये दाखवले की तीच माहिती ‘इतके टक्के मते’ अशी न देता ‘जिंकण्याची शक्यता इतके टक्के’ अशी दिली, तर लोकांची निकालाबद्दलची खात्री अवाजवी वाढते आणि मतदानाची ओढ घटते. जागांचा आकडा आपल्याकडे नेमके तेच काम करतो. ‘अमुक ७५ जागा’ असे वाचल्यावर मतदाराला लढत संपल्यासारखी वाटते. ‘दोघांत दोन टक्क्यांचे अंतर आणि त्रुटी तीन टक्क्यांची’ असे वाचले असते, तर त्याला ती चालू असल्याचे दिसले असते. म्हणून मतदानाआधी मतांची टक्केवारी आणि त्रुटी एवढेच छापावे, जागा छापू नयेत, असा नियम करावा.

समर्थक : तो नियम चाचणी करणाऱ्यांनी स्वतःहून पाळावा, हे योग्य; कायद्याने लादला, तर जागांचा हिशेब वाहिनीवर बसलेला पाहुणा करील आणि त्याला कुठलीच पद्धत लागणार नाही. तरीही तुमच्या मागणीतून एक अवघड गोष्ट पुढे येते आणि ती दोन्ही बाजूंना अडचणीची आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये नामपल्लीत कुणी प्रामाणिक चाचणी केली असती, तर तिला एवढेच म्हणता आले असते : पहिल्या दोघांत कोण पुढे, हे सांगता येत नाही. मतदान वाढवणारी माहिती ती हीच.

आक्षेपक : आणि ती वाढ कुणाकडे गेली असती?

समर्थक : ते चाचणीला सांगता आले नसते. तिने विचारलेल्यांपैकी निम्मेच प्रत्यक्ष मतदानाला जाणार होते, आणि ‘मत देणार का’ या प्रश्नाला बहुतेक जण होच म्हणतात. म्हणून मते मोजण्याआधी, यांतले कोण जाईल याचा अंदाज करावा लागतो. गेल्या वेळी कोण गेले होते, त्यावरून तो करतात. चाचणी छापल्यामुळे या वेळी वेगळी माणसे बाहेर पडली, तर तो आधार सुटतो. चारशे किंवा पंधरा हजार, नमुना कितीही घेतला तरी ही अडचण कमी होत नाही.

आक्षेपक : म्हणजे जिथे मतदान ७५ टक्क्यांच्या वर जाते, तिथे ही अडचण लहान; आणि शहरात, जिथे निम्मे लोक घरी असतात, तिथे सर्वांत मोठी. चाचण्या सर्वांत जास्त वाचल्या आणि पाहिल्या जातात त्याही तिथेच.

समर्थक : हो. आणि मतदार यादी स्वच्छ झाल्याशिवाय त्या घरी असलेल्यांपैकी खरोखर घरी किती, गावी किती आणि केवळ यादीवर किती, हेही कळणार नाही. तोपर्यंत चाचणीने किती जण थांबले, याबद्दलचा तुमचा अंदाज आणि त्यावरचा हा आक्षेप, दोन्ही त्याच फुगलेल्या छेदावर उभे राहतील.